पाव न टाकता सार्जंट मासा कसा पाहावा

मालवणच्या किल्ल्याजवळ बोट थांबते, नांगर पडतो, आणि दोन मिनिटांत बोटीभोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे गोळा होतात. कुणीतरी पावाची लादी फोडतं. तुकडे पडतात तिथलं पाणी उकळल्यासारखं होतं, मोबाइलवर चित्रण होतं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी सगळे ओल्या अंगानं बोटीत परत. "मासे पाहिले" म्हणून माणसं घरी जातात. पाहिलेली असते ती फक्त पावाभोवतीची झुंबड.

तो पट्टेरी मासा म्हणजे सार्जंट मासा. डॅमसेल नावाच्या कुटुंबातला, प्रवाळाच्या पाण्यात सगळ्यात सहज दिसणारा मासा, आणि सहज दिसतो म्हणूनच त्याच्याकडे कुणी नीट पाहत नाही. पावाशिवाय, एका जागी, अर्धा तास शांत तरंगलं तर त्याचं सगळं घरदार डोळ्यांसमोर उलगडतं: खाणं, भांडणं, रंग बदलणं, अंडी राखणं. त्यासाठी हवेची टाकी पाठीवर बांधायची गरज नाही. मास्क, स्नॉर्कल म्हणजे श्वासाची नळी, आणि थोडा धीर पुरतो. हे सगळं कसं जमवायचं ते क्रमानं सांगतो.

आधी माशाची ओळख करून घ्या

ज्या जातीबद्दल मी बोलतोय तिचं शास्त्रीय नाव अबुडेफडफ वैगिएन्सिस. तांबड्या समुद्रापासून नि पूर्व आफ्रिकेपासून थेट पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत, वर जपानपर्यंत आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंत ती पसरलेली आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मालवण, गोव्याचं ग्रँड आयलंड, मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी, आणि पुढे लक्षद्वीप ही तिला भेटायची ठिकाणं. जास्तीत जास्त २० सेंटीमीटर लांबी, बहुतेक वेळा त्याहून लहान. एका ते पंधरा मीटर खोलीच्या पाण्यात तिचा वावर, त्यामुळे वरून तरंगणाऱ्या माणसालाही ती सापडते.

नावाची गोष्ट मला फार आवडते, म्हणून ती सांगून पुढे जातो. 'अबुडेफडफ' हा शब्द अरबी आहे. सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसचा शिष्य पेटर फोर्स्कॉल १७६१ साली डेन्मार्कच्या राजानं पाठवलेल्या मोहिमेतून अरबस्तानात गेला. तांबड्या समुद्राकाठी मासे गोळा करताना तो त्यांची अरबी नावंही टिपून घेत असे, त्यातलं हे एक. जुलै १७६३ मध्ये येमेनमध्ये तापानं तो गेला. मोहिमेतले एकेक जण असेच गेले आणि शेवटी एकटा कार्स्टन नीबुर उरला. हा नीबुर त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईला पोचला, वर्षभराहून जास्त इथे राहिला, घारापुरीची लेणी त्यानं मोजून काढली. पुढे १७७५ मध्ये त्यानंच फोर्स्कॉलची टिपणं छापली म्हणून ते नाव जगाला कळलं. जातीच्या नावातला दुसरा शब्द वेगळ्याच समुद्रातून आला. १८१७ साली फ्रान्सहून निघालेल्या 'उरानी' जहाजावर क्वॉय आणि गेमार हे दोन डॉक्टर-निसर्गअभ्यासक होते. न्यू गिनीजवळच्या वैगेओ बेटावरून त्यांनी या जातीला वैगिएन्सिस म्हटलं. वर्णन छापून आलं १८२५ मध्ये.

डॅमसेल हे कुटुंब मोठं आहे, चारशेहून जास्त जाती. समुद्रफुलात राहणारा नारिंगी-पांढरा क्लाउनफिश याच कुटुंबातला, सार्जंटचा जवळचा नातलग.

दिवस आणि वेळ ठरवा

निम्मं यश इथेच ठरतं. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि दर्या खवळलेला. जलक्रीडाही तेव्हा बंद असतात. ऑक्टोबरपासून पाणी निवळायला लागतं. माझ्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरे. मार्च-एप्रिलमध्येही दिसतं, पण दुपारचा वारा लवकर जोर धरतो.

मालवणचं पाणी अंदमानसारखं काचेगत नाही. चांगल्या दिवशी पाच-सात मीटरपर्यंत दिसतं, वाईट दिवशी हाताच्या अंतरापलीकडे धूसर. म्हणून तारीख कॅलेंडरवरची सुट्टी पाहून न ठरवता तिथी पाहून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, पाणी जोरात आत-बाहेर करतं आणि तळाची माती उचलतं. अष्टमीनंतरचे दोन-चार दिवस भांगाचे. भरती-ओहोटीतला फरक कमी, ओढ कमी, पाणी जास्त निवळ.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. ही पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. जागेनुसार तासाभराचा फरक पडतो, म्हणून निघण्याआधी त्या बंदराचा भरतीचा तक्ता जरूर पाहा. पण या हिशेबातून एक गोष्ट लगेच कळते. दशमी ते द्वादशी हे दिवस भांगाचेही आहेत आणि त्यांची भरती सकाळच्या सोयीच्या वेळेला येते. भरती भरत आली की बाहेरचं स्वच्छ पाणी खडकांवर येतं, आणि पूर्ण भरल्यावर थोडा वेळ ओढ थांबते. तो अर्धा-पाऊण तास तुमचा.

सकाळचा आणखी एक फायदा म्हणजे वारा. रात्रभरचे मतलई वारे सकाळी मंदावतात आणि खारे वारे सुरू व्हायला अजून अवकाश असतो. दहाच्या आत पाण्यात उतरलात तर पृष्ठभाग सपाट मिळतो आणि पर्यटकांच्या बोटींची गर्दीही नसते.

बोटवाल्याशी आधीच बोला

नेहमीचा प्रकार असा: रबरी ट्यूबला धरून पाण्यात सोडतात, सोबतचा मुलगा ट्यूब ओढत फिरवतो, पाव टाकतो, मासे दाखवतो, आणि वर घेतो. त्यात त्याची चूक नाही, बहुतेकांना तेच हवं असतं. तुम्हाला वेगळं हवं आहे, तर ते धक्क्यावर, पैसे ठरवतानाच सांगा. मी सरळ म्हणतो: "दादा, पाव नको. एकाच जागी अर्धा-पाऊण तास थांबायचंय. जास्त वेळेचे पैसे देतो, पण फिरवू नका." पहिल्यांदा चेहऱ्यावर आश्चर्य दिसतं. दोन-तीनदा गेल्यावर तीच माणसं आपणहून सांगायला लागतात, "परवा त्या कपारीकडे एक मासा कुणाला जवळच येऊ देत नव्हता." रोज त्या पाण्यात उतरणाऱ्या माणसाइतकं तिथलं कुणाला माहीत नसतं. फक्त विचारावं लागतं.

नांगर कुठे टाकणार तेही विचारा. वाळूवर टाका म्हणा. वर्षाला एखादा सेंटीमीटर वाढणारं प्रवाळ नांगराच्या एका हिसक्यात तुटतं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा हा समुद्र १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८२. शिवाय खडक बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंक्तीत. तुटलेला तुकडासुद्धा उचलून आणायचा नाही.

मास्क आणि स्नॉर्कल

भाड्याचा मास्क चालतो, पण तो बसतो का हे पाण्याबाहेरच तपासा. पट्टा डोक्यामागे न घेता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर दुसरा मागा. मास्कखाली केसांची एक बट अडकली तरी पाणी झिरपतं, आणि दाट मिशी असेल तर वरच्या ओठाजवळून हमखास झिरपतं. पट्टा करकचून आवळल्यानं गळती थांबत नाही, उलट वाढते.

काचेवर धुकं धरू नये म्हणून आतल्या बाजूला थुंकी चोळायची आणि समुद्राच्या पाण्यात एकदा विसळायची. ऐकायला कसंतरी वाटतं, पण याहून खात्रीचा उपाय मला मिळालेला नाही. नवा मास्क विकत घेतला असेल तर काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं दोन-तीनदा घासून काढावा लागतो. चष्मा असणाऱ्यांसाठी नंबरच्या काचांचे मास्क मिळतात. वारंवार जाणार असाल तर तो खर्च कराच, कारण पट्टे मोजायचे आहेत आणि शेपटीवरची रेघ पाहायची आहे.

सनस्क्रीन फासण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहायचा शर्ट घाला. पाठ आणि मान पाण्याबाहेर असते, सगळ्यात जास्त तीच भाजते. काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला घातक ठरू शकतात म्हणून हवाई राज्यानं १ जानेवारी २०२१ पासून त्यांची विक्रीच बंद केली. शर्ट घातला की तो प्रश्नच उरत नाही.

पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला. बुडण्याची भीती हे एक कारण झालं. माझं मोठं कारण वेगळं आहे: जॅकेटमुळे पाय न हलवता तरंगता येतं, आणि पाय हलले नाहीत की मासे जवळ येतात. एकटं उतरायचं नाही, बोटीच्या नजरेतून बाहेर जायचं नाही, आणि इंजिनाचा आवाज ऐकू आला की आधी डोकं वर काढायचं.

पहिली दहा मिनिटं काहीच करू नका

शिडीवरून सावकाश उतरा. उडी मारलीत तर खालचं सगळं दडून बसतं. चेहरा पाण्यात घातला की नवख्याचा श्वास जलद होतो. नळीतून लांब श्वास सोडत राहा, आत घेण्याकडे लक्ष देऊ नका, तो आपोआप येतो. मिनिटाभरात लय बसते.

आता खडकाचा एक तुकडा निवडा. घुमटासारखं पोराइट्स प्रवाळ असेल, पसरट वाटीसारखं टर्बिनारिया असेल किंवा नुसता कातळ. त्यापासून दोन-तीन मीटरवर हात शरीराशी घेऊन पालथे तरंगा. खडकावर पाय टेकायचा नाही, हात धरायचा नाही. एक तर प्रवाळ मरतं, आणि दुसरं म्हणजे समुद्री साळूंचे काटे नि खडकासारखे दिसणारे विषारी मासे तिथेच असतात.

सुरुवातीला सार्जंटांचा घोळका तुमच्याकडे धावत येईल. पर्यटकांच्या जागी त्यांना माणूस म्हणजे पाव हे पाठ झालेलं आहे. हात पोटाखाली घ्या आणि थांबा. पाच-सात मिनिटांत त्यांना कळतं की इथे काही मिळणार नाही. घोळका विरतो आणि प्रत्येक मासा आपल्या नेहमीच्या कामाला लागतो. तुमचं पाहणं इथून सुरू होतं.

पट्टे मोजा, मग शेपटी पाहा

पट्टेरी दिसला म्हणजे हाच, असं नाही. सार्जंटांच्या बऱ्याच जाती आहेत, आणि एकाच खडकावर दोन-तीन एकत्र सापडू शकतात. ओळखायचा क्रम मी असा ठेवतो.

आधी काळे उभे पट्टे मोजा. आपल्या माशाला पाच: पहिला डोक्याच्या लगेच मागे, शेवटचा शेपटीच्या देठाजवळ. अंग पांढरट-निळसर आणि पाठीचा वरचा भाग पिवळा. तो पिवळा रंग उन्हात वरून पटकन दिसतो, पण सगळ्यांत सारखा नसतो, म्हणून एकट्या रंगावर जाऊ नका.

मग शेपटी. तिच्या दोन्ही फाकांवर एकेक काळी रेघ असेल तर तो कात्रीशेपट्या सार्जंट, म्हणजे अबुडेफडफ सेक्सफॅसिएटस. नावात 'सहा पट्ट्यांचा' असलं तरी अंगावर पट्टे पाचच, आणि शेपटी उघड्या कात्रीसारखी. लक्षद्वीप-अंदमानात जाल तेव्हा हा फरक विशेष लक्षात ठेवा. शेपटी स्वच्छ असेल तर आपला वैगिएन्सिस.

पट्टे सहा-सात भरले, बारीक असले, शेपटीची टोकं गोलसर असली आणि मासा घोळक्यात न राहता खडकालगत एकटा फिरत असला तर तो बंगाल सार्जंट. गढूळ पाण्याचं त्याला वावडं नाही, त्यामुळे धूसर दिवशी तोच जास्त भेटतो. आणि शेपटीच्या देठावर, वरच्या अंगाला, ठसठशीत काळा ठिपका दिसला तर तो अबुडेफडफ सॉर्डिडस. लाटा फुटतात त्या उथळ खडकांत राहणारा. फोर्स्कॉलनं तांबड्या समुद्रात पाहून लिहून ठेवलेला मासा तो हाच.

मासे काय करताहेत ते वाचा

ओळख पटली की एकच मासा धरा आणि त्याच्यावरून नजर हटवू नका. घोळका पाहिला तर काहीच दिसत नाही, एक मासा पाहिला तर घोळकाही कळतो.

बहुतेक वेळ तो अधांतरी, एकाच दिशेला तोंड करून असतो. ती दिशा म्हणजे पाण्याच्या ओढीची. ओढ ज्या बाजूनं येते तिकडे तोंड, कारण अन्न तिकडून वाहत येतं. मध्येच तो तोंड पुढे काढून काहीतरी टिपतो, तुम्हाला तिथे पाण्याशिवाय काही दिसत नाही. ते प्लवक. सूक्ष्म जीव एकेक करून, डोळ्यांनी हेरून तो खातो. शिवाय खडकावरचं शेवाळ नि लहानसहान किडेही. दिवसभर बाहेरच्या पाण्यातलं अन्न खायचं आणि रात्री कपारीत शिरून तिथेच विष्ठा टाकायची, हे काम दुर्लक्षित राहतं. बाहेरच्या समुद्रातलं खत अशा माशांच्या पोटातून प्रवाळाला पोचतं.

रंगाकडेही बघा. पांढऱ्या वाळूवर उन्हात असलेला मासा फिकट, आणि कपारीच्या अंधारात शिरलेला गडद दिसतो. परत येताना नांगराच्या दोराखाली, बोयाखाली किंवा तरंगत्या शेवाळाच्या पुंजक्याखाली एकदा डोकवा. नखाएवढी, पण पट्टे पुरते उमटलेली पिल्लं तिथे सापडतात. अंड्यातून निघाल्यावर सुमारे तीन आठवडे उघड्या समुद्रात वाहत राहायचं आणि मग मिळेल त्या आसऱ्याला चिकटायचं, अशी त्यांची सुरुवात असते. तुमच्या बोटीच्या सावलीतला हा जीव कदाचित दुसऱ्याच किनाऱ्यावर जन्मलेला असेल.

घरटं शोधा

मी पुन्हा पुन्हा पाण्यात उतरतो ते यासाठी.

घोळक्यापासून वेगळा, खडकाच्या उभ्या अंगाजवळ एकच मासा घुटमळताना दिसला, दोन-तीन हात पुढे जाऊन लगेच माघारी येत असला, आणि त्याचा रंग इतरांपेक्षा निळसर-गडद असला, तर पोहणं थांबवा. तो नर आहे आणि त्याच्यामागे अंडी असण्याची दाट शक्यता आहे. घरटं म्हणजे काड्यांचं काही नव्हे. तोंडानं चावून, शेवाळ काढून साफ केलेला खडकाचा तुकडा, कधी धक्क्याचा खांब, कधी बुडालेल्या लोखंडाचा पत्रा. मादी येते, त्या जागेवर अंडी चिकटवते आणि निघून जाते. पुढचं सगळं बापाकडे.

अंडी एकेकटी दिसणार नाहीत, जेमतेम मिलिमीटरभर लांबीची असतात. दिसतो तो रंगाचा डाग, तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा, मखमलीसारखा. ताजी अंडी लालसर-जांभळट. दिवस जातात तसा डागाचा रंग बदलत जातो, कारण आत पिल्लांचे डोळे तयार होत असतात. उबदार पाण्यात चार-पाच दिवसांत अंडी फुटतात, तीही अंधार पडल्यावर, म्हणजे टिपणाऱ्या डोळ्यांपासून वाचायला रात्र मिळते.

तोवर नर काय करतो ते घड्याळ लावून पाहा. पाच मिनिटांत किती वेळा पंखांनी अंड्यांवर पाणी मारतो, किती वेळा तोंडानं काहीतरी उचलून टाकतो, किती वेळा कुणाच्या अंगावर धावून जातो. सगळ्यात जास्त धावतो तो रॅस (wrasse) माशांवर. ते लांबट, रंगीत, सतत इकडेतिकडे नाक खुपसणारे मासे अंड्यांवर टपलेले असतात. आपल्या दुप्पट आकाराच्या माशालाही तो हाकलतो. काही अंडी तो स्वतःच खातो हेही खरं आहे. कात्रीशेपट्या सार्जंटच्या बाबतीत अभ्यासकांनी हे बारकाईनं पाहिलं आहे. राखणीच्या दिवसांत त्याला चरायला जाता येत नाही. आपल्याला ते क्रूर वाटतं, पण तो उपाशी पडला तर उरलेली अंडीही जातील.

इथे एक नियम कडक पाळा. घरट्यापासून किमान दोन मीटर दूर राहा, आणि नर तुमच्यावर धावून आला किंवा तुम्हाला घाबरून जागा सोडून गेला, तर त्याच क्षणी मागे व्हा. एकदा अधिक चांगला फोटो मिळावा म्हणून मी जवळ सरकलो. नर बाजूला झाला आणि माझ्या मास्कसमोर दहा-बारा रॅस त्या जांभळ्या डागावर तुटून पडले. नर परत आला तेव्हा डागाचा एक कोपरा खडकाच्या रंगाचा झाला होता. त्या दिवसाचा फोटो माझ्याकडे आहे, आणि तो मी कुणाला दाखवत नाही.

पाव का नको, याचं उत्तरही इथेच आहे. पाव पडला की आसपासचे सगळे सार्जंट जागा सोडून बोटीकडे जातात, आणि रोज पाव पडणाऱ्या जागी भुकेल्या सार्जंटांचा जमाव एवढा वाढतो की इतर माशांच्या घरट्यांवरही तेच तुटून पडतात. प्लवक टिपायला घडलेल्या तोंडाला आणि पोटाला मैद्याचा गोळा देण्यात त्याचं भलं नाही. उरलेला पाव पाण्यात कुजतो. वरून पाहणाऱ्याला मात्र फक्त पाणी खदखदताना दिसतं. म्हणून बोटीत दुसऱ्या कुटुंबानं पावाची पिशवी आणली असेल तर भांडू नका. त्यांच्या मुलाला तुमच्या शेजारी तरंगायला बोलवा आणि एक मासा दाखवा. माझ्या अनुभवात पिशवी बहुतेक वेळा तशीच परत जाते.

फोटो आणि नोंद

फोटो काढायचा असेल तर माशाच्या बाजूनं, पाचही पट्टे आणि पूर्ण शेपटी येईल असा काढा. समोरून काढलेला चेहरा सुंदर दिसतो, पण त्यावरून जात ठरत नाही. फ्लॅश नको. गढूळ पाण्यातले कण त्यात चमकतात आणि माशाऐवजी बर्फ पडल्यासारखं दिसतं. मोबाइल पिशवीत घालणार असाल तर आधी घरी बादलीत, पिशवीत नुसता टिश्यूचा कागद घालून, अर्धा तास बुडवून पाहा.

मोजणी करायची झाली तर सोपी पद्धत अशी. तरंगत असाल तिथून चारी बाजूंना तीन मीटरचं वर्तुळ मनात धरा, पाच मिनिटं थांबा आणि त्या वर्तुळात एका वेळी दिसलेले जास्तीत जास्त मासे नोंदवा. आले-गेले सगळे एकत्र मिळवू नका, तोच मासा दहादा मोजला जातो. प्लॅस्टिकची पाटी आणि साधी शिसपेन्सिल पाण्याखालीही लिहिते. दोरीनं मनगटाला बांधा.

बोटीत चढल्यावर, चहा घ्यायच्याही आधी, एवढं वहीत उतरवा: तारीख, तिथी, वेळ, भरती चढती की उतरती, किती मीटर दिसत होतं, जाती, संख्या, पिल्लं होती का, घरटं होतं का, असल्यास डागाचा रंग. फोटो आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवले तर जाणकार नाव तपासून देतात आणि नोंद अभ्यासकांना वापरता येते. घरट्याची नेमकी जागा मात्र मी तिथे टाकत नाही, तेवढी बोटवाल्याजवळ ठेवतो.

आणि जमलं तर चार दिवस मालवणातच मुक्काम करून रोज त्याच घरट्यावर जा. रंग उतरत जाताना दिसेल. मग एका सकाळी खडक कोरा असेल आणि नर परत घोळक्यात, इतरांसारखाच फिकट, ओढीकडे तोंड करून प्लवक टिपत असेल. तुम्ही चार दिवस पाहिला तो मासा त्यांच्यातला कोणता, हे त्या सकाळी ओळखून दाखवा.